क्रूझवर समुद्रातले दिवस: जहाजावर दिवसभर करायचं काय?

गच्चीवरची

मंडळी, सुट्टीत सात रात्रींच्या क्रूझवर निघतोय. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा, चौदा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. बंदरांवर उतरून काय बघायचं याचा अभ्यास नवऱ्याने केलाय, त्यामुळे ती बाजू त्याच्या गळ्यात. माझा प्रश्न जहाजाचा आहे. सातपैकी तीन दिवस जहाज कुठेच थांबत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर कार्यक्रमांची यादी बघितली: झुंबा, बिंगो, आइस शो, रॉक क्लायम्बिंग, टॉवेल दुमडायचा वर्ग (!), कॅसिनो, कॉमेडी, चित्रांचा लिलाव... वाचूनच दमले.

यातलं खरंच करण्यासारखं काय आणि जाहिरातीपुरतं काय? वेगळे पैसे कशाला पडतात? सासूबाईंना गोंगाट सोसत नाही आणि जिने चढवत नाहीत. मुलीने आत्ताच जाहीर केलंय की ती 'कुठल्याही क्लबबिबमध्ये' पाऊल ठेवणार नाही. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा, हात आखडता घेऊ नका.

सागरवेडा

ताई, सगळ्यात आधी रोजचं कार्यक्रमपत्रक. आदल्या संध्याकाळी ते केबिनमध्ये येतं, हल्ली बऱ्याच जहाजांवर फक्त अॅपमध्येच असतं. अॅप घरूनच डाउनलोड करून न्या. ते जहाजाच्या वाय-फायवर चालतं, त्यासाठी सहसा इंटरनेटचं पॅकेज घ्यावं लागत नाही. फोन मात्र एअरप्लेन मोडवर टाकून मगच वाय-फाय चालू करा, नाहीतर तो जहाजावरचं सॅटेलाइटचं मोबाइल नेटवर्क पकडतो आणि नंतर बिल बघून घाम फुटतो.

पैशांचं म्हणाल तर थिएटरमधले शो, लाइव्ह संगीत, क्विझ, नाच शिकवण्याचे वर्ग, स्विमिंग पूल, घसरगुंड्या, क्लायम्बिंग वॉल, मिनी गोल्फ, मुलांचे क्लब हे सहसा भाड्यातच येतं. स्पा, कॅसिनो, बिंगोची तिकिटं, व्हिडिओ गेम्सचं दालन, खास रेस्टॉरंट, रात्री उशिरा मुलं सांभाळण्याची सोय याचे वेगळे पैसे. कंपनीप्रमाणे थोडंफार इकडेतिकडे होतं. आणि जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं. म्हणून मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्या, काउंटरवर सांगितलं की करून देतात.

फुकट असलं तरी जागा राखून ठेवावी लागते असे कार्यक्रम वेगळे. मोठ्या जहाजांवर आइस शो, पाण्यातला डायव्हिंगचा शो, मोठं म्युझिकल यांचं बुकिंग निघायच्या आधीच उघडतं आणि चांगल्या वेळा भराभर जातात. ते घरूनच उरका. जागा मिळाली नाही तरी शोच्या थोडं आधी दारात रांगेत उभं राहा, न आलेल्यांच्या खुर्च्या देतात.

चकटफू

वरचं सगळं बरोबर आहे, पण माझं मत विचाराल तर जहाजावरचा सगळ्यात भारी कार्यक्रम म्हणजे क्विझ. तिथे 'ट्रिव्हिया' म्हणतात. लाउंजमध्ये साधारण अर्धा तास, साधा कागद, बोटभर पेन्सिल, सहा जणांपर्यंतचा संघ. माणसं कमी पडली तर शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांना ओढायचं, ओळखी अशाच होतात.

बक्षीस म्हणजे कंपनीचं नाव छापलेली की-चेन, नाहीतर पेन. पण त्यापायी माणसं काय इरेला पेटतात! एकदा प्रश्न आला, जगातली सगळ्यात लांब नदी कोणती. निवेदिकेच्या कागदावर नाईल. चष्मा कपाळावर ढकलून एक गृहस्थ उभे राहिले आणि अॅमेझॉनची बाजू मांडायला लागले: उगम कुठे धरायचा, मुख कुठे धरायचं, मोजणीच्या पद्धती. ती बिचारी हसत हसत "सर, माझ्या कागदावर नाईल आहे" एवढंच म्हणत राहिली. त्यांची बायको पर्समध्ये काहीतरी शोधल्याचं सोंग करत होती. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ त्याच खुर्चीत, दहा मिनिटं आधी हजर. लाखाचा आइस शो लोक विसरतील, हे नाही विसरणार.

रोज एकाच वेळच्या क्विझला जा. समुद्रातल्या दिवसांचे गुण पुढे जोडत नेणारी मालिका असते काही जहाजांवर, तिथे चुरस जास्त.

उंटावरचा_शहाणा

मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो. हे सगळं जमिनीवर मिळत नाही का? क्विझ, घसरगुंडी, झुंबा, मॉल. समुद्राच्या मधोमध जाऊन लोक बर्फावर स्केटिंग करतात. १९९९ साली 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर पहिल्यांदा आइस रिंक आणि क्लायम्बिंग वॉल आली, २००६ मध्ये 'फ्रीडम ऑफ द सीज'वर कृत्रिम लाटांवर सर्फिंग आलं, २०१४ मध्ये 'क्वांटम ऑफ द सीज'वर काचेचा गोळा तुम्हाला समुद्रापासून ३०० फूट उंच उचलायला लागला. कार्निव्हल कंपनीच्या 'मार्डी ग्रा'वर रोलर कोस्टर, नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या 'जॉय'वर गो-कार्ट. पुढे काय, विमानतळ?

आणि त्या लिलावापासून चार हात लांब राहा. फुकट शॅम्पेनचा ग्लास हातात देऊन चित्र विकतात. दागिन्यांचं 'व्याख्यान' असतं तेही दुकानाची जाहिरातच. कार्यक्रमपत्रकात 'सेमिनार' शब्द दिसला की निम्म्या वेळा शेवटी काहीतरी विकायला काढतात. पोट सपाट करण्याचं, पायांच्या ठशांवरून पाठदुखी ओळखण्याचं, असं बरंच.

मी आपला डेकवर समुद्राकडे तोंड करून बसतो. तेवढ्यासाठीच पैसे दिलेले असतात.

चकटफू

@उंटावरचा_शहाणा, समुद्राकडे तोंड करून बसायलाही आधी खुर्ची मिळवावी लागते साहेब. सकाळी आठ वाजता पूलच्या कडेची एकूण एक खुर्ची टॉवेल आणि एकेका चपलेने 'भरलेली' असते. माणूस कुठेच नाही. अर्धा-पाऊण तास कोणी फिरकलं नाही तर सामान उचलायचा नियम बऱ्याच जहाजांवर आहे, पण उचलणारा कर्मचारी दिसेल तर शपथ.

उंटावरचा_शहाणा

पूलच्या कडेला जायचंच कशाला? खाली प्रोमेनाड डेकवर, म्हणजे जहाजाच्या कडेने फेरी मारायच्या डेकवर जा. ज्या जहाजांवर तो गोल फिरून येतो तिथे लाइफबोटींखाली सावली असते, बाकंखुर्च्या असतात आणि चिटपाखरू नसतं.

पडद्यामागचा

जहाजांच्या थिएटरमध्ये तांत्रिक कामात काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. कंपनीचं नाव विचारू नका.

जहाजाचं मुख्य थिएटर बहुतेक वेळा अगदी पुढच्या टोकाला असतं आणि स्टेज त्याच्याही पुढच्या बाजूला. लाटा समोरून आल्या की नाक वरखाली होतं आणि ते सगळ्यात जास्त स्टेजवर जाणवतं. नर्तकाला उडी मारताना खालची जमीन वर येते, उतरताना ती खाली गेलेली असते. म्हणून खवळलेल्या समुद्रात शो रद्द होत नसला तरी बदलतो. एकमेकांना उचलण्याच्या हालचाली काढतात, टाचा उंच असलेले बूट बदलतात, दोरीवरच्या कसरती पूर्ण बंद. प्रेक्षकाला कळतही नाही. आइस शोमध्ये तर रिंक जमिनीवरच्या रिंकपेक्षा बरीच लहान, त्यात ती डोलते. स्केटर उडी घेण्याआधी क्षणभर थांबल्यासारखा दिसला तर तो जहाजाचा झोका बघतोय असं समजा. ते बघायला शिकलात की आइस शो दुप्पट आवडेल, शहाणेसाहेबांनाही.

ज्यांना मळमळतं त्यांनी थिएटरमध्ये मागच्या रांगेत बसावं. मागची रांग जहाजाच्या मध्याकडे असते, पुढची टोकाकडे. लोक लवकर येऊन पहिली रांग धरतात आणि मग मध्येच उठून जातात.

शो रोज रात्री दोनदा असतो. जेवणाच्या दोन पाळ्या असतात, त्यांच्या वेळा सांभाळून. पहिल्या पाळीत जेवणारे दुसऱ्या शोला, दुसऱ्या पाळीचे पहिल्या शोला. दुसऱ्या शोला सहसा गर्दी कमी आणि कलाकार मोकळे झालेले असतात. कॉमेडियनचा रात्री उशिराचा शो 'फक्त प्रौढांसाठी' असतो, पत्रकावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन दारातून परत फिरू नका.

वाऱ्याबद्दल. जहाज २० नॉट्सने, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरने चाललंय आणि वारा समोरून तेवढाच आहे, तर वरच्या डेकवर ताशी ७४ किलोमीटरचा वारा लागतो. हवा छान दिसते, ऊन पडलंय, तरी क्लायम्बिंग वॉल आणि घसरगुंड्या बंद का, असं लोक चिडून विचारतात. कारण हे. पूलचंही तसंच: जहाज डोलायला लागलं की पाणी एका बाजूने उसळून बाहेर पडतं, मग पूल रिकामा करून वर जाळी टाकतात. म्हणून डेकवरचं जे काही करायचंय ते पहिल्या संधीला करा, 'शेवटच्या दिवशी बघू' म्हणून ठेवू नका.

कॅसिनो आणि करमुक्त दुकानं बंदरात बंद असतात. स्थानिक कायदे लागू होतात म्हणून. जहाज किनाऱ्यापासून पुरेसं लांब गेलं की उघडतात.

आणि पहिल्या दिवशीच्या सुरक्षा कवायतीला टंगळमंगळ करू नका. जानेवारी २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. नंतर नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घेणं बंधनकारक झालं. आता बऱ्याच ठिकाणी फोनवर व्हिडिओ बघून आपल्या जागेवर हजेरी लावली की काम होतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलाला पाठ करून ठेवा. मुलांना ते आवडतं.

गच्चीवरची

@पडद्यामागचा, बापरे, काय काय माहिती! मागची रांग नक्की. टॉवेलच्या वर्गाचं कोणी काही बोललं नाही. आणि सासूबाईंचं काय करू? त्या म्हणतात, "मला केबिनमध्ये पुस्तक द्या आणि तुम्ही जा." तसं मला नकोय.

निवांत_आजी

अगं, त्यांना केबिनमध्ये बसवू नकोस आणि ओढूनही नेऊ नकोस. माझेही गुडघे गेलेत, तरी मी समुद्रातल्या दिवसांची वाट बघते.

सकाळी लायब्ररी किंवा पत्त्यांची खोली. तिथे ब्रिज खेळणारे रोज ठरलेल्या वेळी जमतात, अर्धवट जुळवलेलं जिगसॉ टेबलावर पडलेलं असतं, येता-जाता कोणीही दोन तुकडे लावतं. मी एका बाईंबरोबर आकाशाचा अख्खा निळा भाग जुळवला, आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. दुपारी व्याख्यान असतं, पुढच्या बंदराचा इतिहास, पक्षी, समुद्री जीव असं काही. हे मात्र खरं व्याख्यान, विक्रीचं नव्हे. पत्रकात वक्त्याचं नाव आणि विषय दिलेला असतो त्यावरून ओळखायचं. संध्याकाळी एखाद्या लाउंजमध्ये पियानो किंवा तारवाद्यांची चौकडी असते. गोंगाट मधल्या मोठ्या चौकात आणि पूलजवळ असतो, बाकी जहाज शांत असतं.

जुन्या वळणाच्या जहाजांवर हे जास्त. 'क्वीन मेरी २'वर तर तारांगण आहे, समुद्रावरचं पहिलंच, आणि पुढच्या टोकाला मोठी लायब्ररी. तुमचं जहाज घसरगुंड्यांचं दिसतंय, तरी कोपरे सापडतील. प्रौढांसाठी राखीव, काचेने बंद केलेला पूलचा भाग असतो का बघ.

दोन गोष्टी सांगते. शो संपला की लगेच उठू नका, सगळं थिएटर एकदम लिफ्टपाशी जमतं. दहा मिनिटं बसून राहायचं. आणि जहाज लांबलचक असतं. पहिल्याच दिवशी त्यांना घेऊन केबिनपासून लायब्ररीपर्यंतची वाट एकदा चालून दाखव, कुठली लिफ्ट ते ठरवून टाक. मग त्या एकट्या जातील आणि त्यांना तुझी अडचण वाटणार नाही, तुला त्यांची.

टॉवेलच्या वर्गाला त्यांनाच ने. हत्ती सोपा असतो: एका टॉवेलची दोन्ही टोकं मध्याकडे घट्ट गुंडाळायची, मग मधोमध घडी घालून उभं करायचं, झाले चार पाय. दुसऱ्या टॉवेलचं डोकं आणि सोंड. माझ्या हत्तीची सोंड तासाभरात सुटली ते सोड.

दोन_पोरांचा_बाप

मुलीबद्दल लिहितो. 'क्लब' शब्द तिच्यासमोर उच्चारूच नका. किशोरांसाठी वेगळी जागा असते, साधारण १३ ते १७ वयाची, काही कंपन्या त्यातही दोन गट करतात. तिथे आईबापांना प्रवेश नाही, हजेरी नाही, मनात येईल तेव्हा उठून जाता येतं. संगीत, गेम्स, रात्री उशिरापर्यंत उघडं.

महत्त्वाचं म्हणजे पहिल्या संध्याकाळची ओळखीची भेट. त्या तासाभरात कंपू ठरतात आणि तिसऱ्या दिवशी आत शिरणं मोठ्यांनाही अवघड जातं. माझी लेक "फक्त दहा मिनिटं" म्हणून गेली, मग आम्हाला ती फक्त जेवणाच्या वेळी दिसायची, तीही रोज नाही. एकच अट घाला: रात्री केबिनमध्ये परतायची वेळ, जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. जहाजाचं घड्याळ आणि बंदराचं घड्याळ वेगळं असू शकतं, फोन आपोआप बंदराची वेळ धरतो आणि घोटाळा होतो. मुलांना साधं मनगटी घड्याळ द्या.

आठ वर्षांच्या मुलाचा गट वेगळा. त्याची नोंदणी पहिल्याच दिवशी दुपारी करा. सोडताना-नेताना आईबापांपैकी कोणीतरी सही करतं. त्याला तिथे दिवसभर ठेवायचा मोह टाळा, पण संध्याकाळी दोन तास सोडलंत तर तुम्हाला दोघांना शो बघता येईल. घसरगुंड्या, सर्फिंग, गो-कार्ट सगळ्यांना उंचीच्या अटी असतात. घरी उंची मोजून कंपनीच्या साइटवर ताडून बघा, नाहीतर रांगेत अर्धा तास उभं राहून दारात रडारड. क्लायम्बिंगला आणि स्केटिंगला मोजे लागतात, स्केटिंगला लांब पँटसुद्धा. क्रूझला जाताना मोजे कोण भरतं? तुम्ही भरा.

पूलबद्दल एकच: अनेक जहाजांवर जीवरक्षक नसतो. फलक लावलेला असतो, बस. मूल पाण्यात असताना फोन खिशात.

सागरवेडा

यात एक युक्ती जोडतो. रांगा नको असतील तर एखाद्या बंदराच्या दिवशी जहाजावरच थांबा. सगळे उतरलेले असतात, घसरगुंडीवर मुलगा जिना चढेल तेवढाच वेळ, पूल मोकळा, स्पामध्येही त्या दिवशी सवलती असतात. तीन-चार बंदरं असतील तर त्यातलं कमी आवडीचं एक यासाठी सोडायला हरकत नाही. शो मात्र दिवसा नसतो.

चढायच्या दिवशी बॅगा केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होऊ शकते. पोहण्याचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, म्हणजे दुपारीच पूल गाठता येईल. तेव्हा बाकीचे जेवणाच्या रांगेत असतात.

आणि हो, केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. चार चुंबकं न्या, रोजचं पत्रक भिंतीवर लावून त्यावर ज्याने त्याने खुणा करायच्या. आमच्याकडे त्यावरून भांडणंही झाली, पण निदान लेखी झाली.

गच्चीवरची

नवऱ्याला बंदर सोडायची कल्पना सांगितली. चेहरा बघण्यासारखा होता. बघू.

कोणी रात्रीबद्दल सांगाल का? बारा वाजेपर्यंत नाचणारे आम्ही नव्हे. मुलाला तारे बघायचे आहेत, पण जहाज तर लखलखाट असणार ना?

पडद्यामागचा

डेकपार्टी आणि सायलेंट डिस्को दोन्ही एकदा डोकावून बघा, पाच मिनिटं का होईना. सायलेंट डिस्कोत प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, दोन-तीन चॅनेल, हेडफोनचा रंग चॅनेलप्रमाणे बदलतो. आपला हेडफोन काढून उभं राहायचं: संगीत शून्य, नुसते बूट घासल्याचे आवाज आणि शंभर माणसं वेगवेगळी गाणी बेसूर म्हणताहेत. मुलगा खिदळेल.

तारे बघायला जहाजाच्या पुढच्या टोकाच्या उघड्या डेकवर जा, जिथे प्रवाशांना परवानगी असेल तिथे. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षातल्या, अधिकाऱ्यांना रात्री अंधारात बघता यावं म्हणून समोरच्या बाजूला दिवे ठेवत नाहीत. पुढच्या केबिनवाल्यांना रात्री पडदे लावून घ्यायला सांगतात तेही याचसाठी. पूलच्या बाजूला मोठ्या पडद्यावर सिनेमा चालू असतो, तिकडे तारे दिसणार नाहीत. डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं द्या, फोन काढू नका, स्वेटर मात्र न्या. वारा मघाशी सांगितलाच आहे. काही जहाजांवर एखाद्या रात्री वरच्या डेकचे दिवे मंद करून ताऱ्यांची ओळखही करून देतात, पत्रकात बघत राहा.

उंटावरचा_शहाणा

पुढच्या डेकवर मी असेनच, हाक मारा. फक्त क्विझच्या वेळेत नसेन. काल चकटफूंनी निरोप पाठवून नदीचा वाद काढला आणि मी तीन लेख वाचले. अॅमेझॉनची बाजू अगदीच टाकाऊ नाही.

चकटफू

या, आमच्या संघात एक जागा रिकामी आहे. पेन्सिल स्वतःची आणा, तिथल्यांना टोक नसतं.

दोन_पोरांचा_बाप

ताई, एक राहिलं. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, साधारण झोपायच्या वेळेपर्यंत, आणि नेमका त्याच वेळी निरोपाचा शो असतो. दुपारीच भरून टाका. सकाळी घालायचे कपडे आणि बूट बाहेर काढून ठेवलेत ना, हे बॅगेची चेन लावण्याआधी प्रत्येकाला विचारा. मुलाला दोनदा.